भिंत मोजणारा इसम

रिबेकासाठी शाळा निवडायचं काम मी स्वतःच्या अंगावर ओढून घेतलं, ही पहिली चूक. निवडायची तर शास्त्रशुद्ध पद्धतीने निवडायची असं ठरवलं, ही दुसरी. त्यापुढच्या चुकांची यादी माझी बायको सुषमा हिच्याकडे आहे आणि ती तोंडपाठ आहे.

शाळा दोनच होत्या. दोन्ही कॅथलिक सिस्टर्सच्या, दोन्ही फक्त मुलींच्या, दोन्हींना वसतिगृह. एक नंदुरबारला, दुसरी शहाद्याला. नावं सांगत नाही. त्या सिस्टर्सनी आमचं काही वाईट केलेलं नाही. जे केलं ते मीच केलं. रिबेकाची सातवी संपत आली होती आणि आठवीपासून तिला यांतल्या एका शाळेत घालायचं होतं.

"तिलाच विचारा ना," सुषमा म्हणाली. ती आरोग्य केंद्रात नर्स आहे. कुठे दुखतंय ते पेशंटलाच विचारायची तिला सवय.

मी विचारलं. रिबेका एका क्षणात म्हणाली, "नंदुरबार."

"का?"

"आफशीन तिथे जाणारे."

आता हे काय कारण झालं? आफशीन म्हणजे आमच्या गल्लीतल्या सलाउद्दीनभाई टेलरची मुलगी. पहिलीपासून या दोघी एका बाकावर बसतात, एकीला ताप आला की दुसरी दप्तर पोचवते, हे सगळं ठीक आहे. पण म्हणून मुलीचं आयुष्य काय बाकावरून ठरवायचं? "मैत्रिणी कुठेही मिळतात," मी म्हणालो. हे वाक्य मी अगदी सहज म्हणालो. एस.टी.च्या जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर तक्ता आखण्यात मी गुंग होतो. शंभर मार्कांचा तक्ता. इंग्रजी वीस, शिस्त वीस, गाडीची सोय पंधरा, जेवण दहा, असं करत करत. मैत्रिणीसाठी रकाना नव्हता.

तक्ता आखायचा मला अधिकार आहे, असं मला वाटायचं. मी नवापूर स्टँडवर वाहतूक नियंत्रक आहे. लोक 'कंट्रोलरसाहेब' म्हणतात. माइकवरून मी "सुरत गाडी फलाट तीनवर" असं म्हटलं की साठ माणसं बोचकी घेऊन एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर धावतात. गाडी का उशिरा आली याचा लेखी खुलासा मी कंडक्टरांकडून घेतो. अशा माणसाला दोन शाळांतून एक निवडणं जड जायला नको होतं.

पण स्टँडवर काम करण्यात एक तोटा आहे. तुमच्या घरातली गोष्ट दुपारपर्यंत तीन आगारांत पोचते. नवलसिंग ड्रायव्हर शहाद्याची गाडी घेऊन आला, खिडकीला टेकून उभा राहिला आणि न विचारता म्हणाला, "साहेब, पोरीसनी शाळा शे ना, मंग पह्यले कंपाउंड देखा. इंग्रजी बिंग्रजी नंतर. कंपाउंड उच्चं नही ते सम्दं फुकट." मी 'कंपाउंडची भिंत' असा दहा मार्कांचा रकाना वाढवला.

आम्ही मंडळीवाले, म्हणजे प्रोटेस्टंट, कॅथलिक नव्हे. त्यामुळे आमचे पाळकसाहेब घरी आले. त्यांनी प्रार्थना केली आणि चहा पिता पिता हळूच सांगितलं की सिस्टर लोकांचं शिक्षण उत्तम, पण मुलगी माळ जपायला लागली तर ताबडतोब कळवा. मी 'माळ' असाही रकाना केला. त्यात दोन्ही शाळांना सारखेच मार्क द्यावे लागले, त्यामुळे तो वायाच गेला.

सगळ्यात विचित्र सल्ला सलाउद्दीनभाईंचा. ते मशिनवर बसल्या बसल्या म्हणाले, "दानियलभाई, इतकं कशाला फिरतोस? मी दोन्ही शाळांचे युनिफॉर्म शिवतो ना. नंदुरबारची सिस्टर काय सांगते माहीत आहे? फ्रॉकच्या खाली दोन इंच कपडा आत दुमडून ठेवा, पोरी वाढतात. दरवर्षी नवा शिवायला लावत नाही. जी शाळा पोरगी वाढणार हे धरून चालते, तिथे पोरगी टाकायची. बस."

मी हसलो. दोन इंचांवर कोणी शाळा ठरवतं का? असं मनात म्हणत मी शहाद्याच्या गाडीत बसलो.

शहाद्याची शाळा छान होती. केळीच्या बागांच्या मधे, शांत. सिस्टरने स्वयंपाकघर दाखवलं, डाळ चाखायला दिली. भिंत दीड पुरुष उंच, वर काचा. मी दहापैकी दहा दिले. एकूण बेरीज एक्काहत्तर. नंदुरबारची बेरीज भिंत सोडून चौसष्ट होती. म्हणजे भिंतीला सातच्या वर मिळाले तर नंदुरबार, खाली मिळाले तर शहादा. माझ्या मुलीचं भवितव्य आता एका भिंतीवर येऊन ठेपलं होतं आणि अंदाजाने मार्क देणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. मी सलाउद्दीनभाईंकडून त्यांची मोजपट्टी मागून घेतली. कशाला हवी ते त्यांनी विचारलं नाही. "गळ्यातच घालून जा, हरवशील," एवढंच म्हणाले.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, चारच्या सुमाराला, मी नंदुरबारच्या शाळेपाशी पोचलो. पुढच्या फाटकातून जाऊन 'तुमची भिंत मोजायची आहे' असं सांगायला मला संकोच वाटला. म्हणून मी वसतिगृहाच्या मागच्या बाजूला गेलो. पट्टीचं टोक खाली पायाने दाबलं आणि पट्टी वर ताणली, पण ती संपली आणि भिंत उरली. मग पट्टी गळ्यात टाकून चार-पाच विटा रचल्या आणि वर चढलो, उरलेलं मोजायला. तेवढ्यात माझं डोकं भिंतीच्या वर निघालं. पलीकडे नळावर एक मुलगी डबा घासत होती. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या गळ्यातल्या पट्टीच्या शेपटाकडे बघितलं आणि अशी किंचाळली की वसतिगृहाच्या सगळ्या खिडक्या एकदम उघडल्या.

मी विटांवरून उतरेपर्यंत वॉचमन करणसिंग काठी घेऊन हजर.

"काय करी ऱ्हायना रे तू?"

"भिंत मोजतोय," मी म्हणालो. खरं बोललो होतो, पण ते इतकं वाईट वाटेल याची मला कल्पना नव्हती.

"पोरीसना होस्टेलनी भिंत? कसाले? नाव काय तुन्हं?"

माझ्या डोळ्यांसमोर सगळं एकदम आलं. कंट्रोलरसाहेब. स्टँड. डेपो मॅनेजर. पाळकसाहेब. पुढे इथेच रिबेकाची मुलाखत व्हायची. करणसिंगने माझ्या गळ्यातली पट्टी ओढली. तिच्यावर बॉलपेनने नाव होतं, कारण बाजारातले बाकीचे टेलर पट्ट्या पळवतात. त्याने एकेक अक्षर लावून वाचलं. "सला... उद्दीन. नवापूर. तूच का सलाउद्दीन?"

मी "हो" म्हणालो.

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला समजावलं, की नाव मी सांगितलंच नाही, त्याने वाचलं. मी फक्त 'हो' म्हणालो. एवढासा शब्द, धाप लागलेली असताना कोणीही म्हणेल. ही समजूत कोणापुढे मांडायची वेळ आली नाही हे बरं झालं.

करणसिंगने वहीत लिहून घेतलं: सलाउद्दीन टेलर, नवापूर, मागची भिंत मोजताना सापडला. मग म्हणाला, "परत आठे दिसना ते पोलिसले फोन लावसू," आणि मला सोडलं. मी पट्टी परत केली. "झालं काम?" सलाउद्दीनभाईंनी विचारलं. मी झालं म्हणालो. तक्त्यात नंदुरबारच्या भिंतीला सहा मार्क दिले आणि शहादा एक मार्काने जिंकली, असं घरात जाहीर केलं. रिबेका उठून दप्तर भरायला गेली. सुषमाने मात्र मला न विचारता नंदुरबारचाही फॉर्म भरून टाकला होता.

त्या फॉर्मने वेगळंच प्रकरण उभं केलं. जन्माच्या दाखल्यावर मुलीचं नाव 'रेबीका', शाळेच्या दाखल्यावर 'रिबेका' आणि आधारवर तिसरंच काहीतरी, जे उच्चारता येत नाही. नगरपालिकेतला कारकून म्हणाला, "कागदावर तुम्हाला तीन मुली दिसतात. ॲडमिशन कोणाची करायची आहे?" मी माझं ओळखपत्र दाखवलं. तो म्हणाला, "हे तुमचं झालं. मुलीचं काय?" तीन हेलपाटे झाले. शेवटी तहसीलला प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं आणि त्यासाठी मला ओळखणारा एक साक्षीदार लागत होता. स्टँडवरचे सगळे ड्यूटीवर. सलाउद्दीनभाईंनी ऐन लग्नसराईत दुकानाचं शटर ओढलं आणि माझ्याबरोबर दोन तास तहसीलच्या व्हरांड्यात बसले.

"यांना ओळखता?" तिथल्या माणसाने विचारलं.

"बारा वर्षांपासून," सलाउद्दीनभाई म्हणाले. "हा दानियल. सच्चा माणूस आहे." आणि खाली सही केली, छान गोलगोल अक्षरांत.

मी भिंतीवर लावलेली माहिती अधिकाराची पाटी वाचत उभा राहिलो. पूर्ण वाचली. दोनदा.

एप्रिलमध्ये आफशीनची मुलाखत आधी लागली. सलाउद्दीनभाई तिला घेऊन सकाळच्या गाडीने गेले. मीच त्यांना खिडकीजवळची सीट धरून दिली. दुपारी परतले तेव्हा दोघं माझ्या खिडकीसमोरून गेले, पण थांबले नाहीत. काय झालं ते आफशीनच्या आईने, अख्तरबानोने, सुषमाला सांगितलं आणि सुषमाने मला जेवताना सांगितलं. ऑफिसातल्या बाईंनी फॉर्म बघितला, बापाचं नाव बघितलं, धंदा टेलर, गाव नवापूर. मग वॉचमनच्या वहीतून उतरवून समोर चिकटवलेल्या चिठ्ठीकडे बघितलं आणि सलाउद्दीनभाईंना बाहेर बाकावर बसायला सांगितलं. मुलीदेखत. चौकशी होईपर्यंत अर्ज बाजूला. वॉचमनला विचारावं तर तो पुतणीच्या लग्नासाठी धडगावकडे गेलेला, पंधरा दिवस येणार नाही. आणि यादी त्याआधी लागणार.

"कोणीतरी यांच्या नावाने भिंत मोजत होता म्हणे," सुषमा म्हणाली. "वसतिगृहाची भिंत. असला कोण माणूस असेल?"

"असेल काही गैरसमज," मी म्हणालो आणि अजून भात मागितला. रिबेका माझ्याकडे बघत होती. भिंतीला सहा मार्क देणारा माणूस तिने बघितला होता.

दुसऱ्या दिवशी सलाउद्दीनभाई स्टँडवर आले. दाढीचे खुंट वाढलेले. "दानियलभाई, तू सरकारी माणूस आहेस. मला एक चारित्र्याचा दाखला लिहून दे. आणि सिस्टरला सांगायला माझ्याबरोबर चल."

सांगायला हवं होतं. तेव्हाच, तिथेच. खिडकीसमोर फक्त एक म्हातारी उभी होती आणि तिलाही ऐकू कमी येत होतं. पण मी काय केलं? मी दाखला लिहिला. वळणदार अक्षरात. 'श्री. सलाउद्दीन यांना मी बारा वर्षांपासून ओळखतो. ते सद्वर्तनी असून कोणत्याही गैरप्रकारात...' इथे पेन थांबलं. पण माझ्या पेनाला तशी थांबायची सवय नाही. ते पुढे गेलं. खाली सही केली, पदनाम लिहिलं, शिक्का मारला. आणि बरोबर जायचं मात्र ड्यूटीचं कारण सांगून टाळलं.

तो दाखला घेऊन ते एकटे गेले आणि परत आले. सिस्टर म्हणाली होती, दाखला चांगला आहे, पण लिहिणाऱ्याला घेऊन या.

तीन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शुक्रवारी मी रजा टाकली. रिबेकाची मुलाखतही त्याच दिवशी होती, त्यामुळे आम्ही चौघं एका गाडीने निघालो: दोन बाप, दोन मुली. मुली मागच्या सीटवर हसत होत्या. मी मनात ठरवलं होतं. सलाउद्दीनभाईंना बाहेर बसवायचं, आत जायचं, सिस्टरला एकटं गाठून सगळं सांगायचं, तिने तिच्या वहीत दुरुस्ती करायची आणि बाहेर कोणाला काही कळायचं कारण नाही. विसरवाडीपर्यंत माझी वाक्यं पाठ झाली होती. माझी योजना चांगली होती हे मी आजही म्हणेन.

फाटक आलं. फाटकात करणसिंग उभा. लग्न लवकर आटोपलं होतं.

त्याचा चेहरा जुना मित्र भेटावा तसा उजळला. काठी माझ्या छातीकडे करून तो आत ओरडला, "बाई, बाई, हाऊ दखा! हाऊच तो! भिंत मोजणारा सलाउद्दीन! परत उना!"

आफशीनने आपल्या अब्बांकडे बघितलं. सलाउद्दीनभाईंनी माझ्याकडे बघितलं. रिबेकाने जमिनीकडे बघितलं.

"मी सांगणारच होतो," मी म्हणालो. करणसिंगसुद्धा हसला.

सिस्टर लिडविना म्हणजे मुख्याध्यापिका. बुटकी, साठीची, चष्मा कपाळावर चढवलेला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तक्ता, नवलसिंगचा सल्ला, विटा, पट्टी, 'हो'. कंडक्टर देतात तसा खुलासा मी आयुष्यात पहिल्यांदा देत होतो आणि त्यांना किती जड जात असेल ते मला कळत होतं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"किती भरली?" तिने विचारलं.

"काय?"

"भिंत."

"साडेसहा फूट, सिस्टर."

"आणि तुम्हाला कमी वाटली." तिने चष्मा डोळ्यांवर घेतला. "आतल्या मुली बाहेर जाऊ नयेत म्हणून ती नाही बांधली. तुमच्यासारखे आत डोकावू नयेत म्हणून बांधली आहे. उंच करावी लागेल."

मग तिने सलाउद्दीनभाईंना आत बोलावलं. ते दारात आले तशी ती खुर्चीतून उठली, टेबलाला वळसा घालून पुढे आली आणि हात जोडून म्हणाली, "भाऊ, आमची चूक झाली. माणूस न बघता नुसतं नाव बघून तुम्हाला बाहेर बसवलं. मला माफ करा."

माझ्याआधी तिने माफी मागितली. मी तिथे त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो.

आफशीनला त्याच दिवशी प्रवेश मिळाला. सिस्टरने रिबेकालाही बोलावलं, तिच्याशी दहा मिनिटं बोलली आणि बाहेर येऊन म्हणाली, "मुलगी हुशार आहे. बापाचं मी तिच्या नावावर लिहीत नाही. जागा आहे."

"थँक्यू सिस्टर," रिबेका म्हणाली. "पण मी शहाद्याला जाते."

मी तिला व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेलं. अगं, तुला हीच हवी होती ना? मीच म्हणतो, हीच घे. तक्ता गेला खड्ड्यात.

"पप्पा, आफशीनचे अब्बा तिच्यासमोर बाकावर बसले होते," ती म्हणाली. "मी तिच्या शेजारी रोज कशी बसू?"



परतीच्या गाडीत मुली वेगवेगळ्या सीटवर बसल्या. मी सलाउद्दीनभाईंच्या शेजारी. विसरवाडी गेल्यावर मी म्हणालो, "माफ करा. घाबरलो होतो."

"माफ केलं," ते म्हणाले. खिडकीबाहेर बघत. "तू घाबरलास, ठीक आहे. पण दानियलभाई, मी रोज विचार करून उभा राहतो. शाळा सुटायच्या वेळेला त्या रस्त्याने जात नाही. लेडीज कपड्यांचं माप अख्तरबानो घेते, मी पडद्यामागे असतो. चाळीस वर्षं हे नाव असं सांभाळलं. तुझं नाव सांगितलं असतंस तर लोक काय म्हणाले असते? कंट्रोलरसाहेब वेडे झालेत, भिंती मोजतात. हसले असते. माझ्या नावावर कोणी हसलं नाही."

मी तिकीट काढायला गेलो तर त्यांनी त्यांचं दोघांचं आधीच काढलं होतं.

जूनमध्ये रिबेका शहाद्याला गेली. शाळा चांगलीच आहे, मी खोटं सांगणार नाही. डाळ चाखून दिलेले मार्क बरोबर होते. ती पहिल्या पाचात असते. सुट्टीत घरी येते तेव्हा आफशीनही आलेली असते, दोघी गल्लीत भेटतात, बोलतात, पण 'कशी आहेस, बरी आहेस' असं, दोन मोठ्या बायका बाजारात बोलतात तसं. सलाउद्दीनभाईंनी आमचे कपडे शिवायचं बंद केलं नाही. फक्त आता ते माप कागदावर लिहून पाठवायला सांगतात.

गेल्या महिन्यात, सकाळच्या गर्दीच्या वेळी, ते स्टँडवर आले. माझ्या खिडकीसमोर रांग होती. ते रांगेत उभे राहिले. पुढे सरकत सरकत खिडकीपाशी आले आणि एक पाकीट माझ्यासमोर ठेवलं. त्यावर आफशीनच्या अक्षरात रिबेकाचं नाव होतं, आमच्या तिन्ही दाखल्यांपेक्षा बरोबर लिहिलेलं.

"आफशीनने दिलं आहे," ते म्हणाले. "आज शहाद्याला पोचलं तर बरं. परवा तुमच्या मुलीचा वाढदिवस आहे म्हणे."

"बसा ना आत," मी घाईने म्हणालो. "चहा सांगतो."

"नको, साहेब," सलाउद्दीनभाई म्हणाले. "तुमचं काम चालू आहे." आणि मागच्या माणसाला जागा द्यायला ते बाजूला झाले.